अर्ध्या थेंबाचा हिशेब : रुडॉल्फ डिझेल

आपण रोज वापरतो त्या शब्दांपैकी काही शब्द मुळात माणसांची नावे असतात; पण वापरून वापरून त्यांतला माणूस पुसला जातो. व्होल्ट आणि वॅट यांच्या बाबतीत शाळेचे शास्त्राचे पुस्तक निदान एक चौकट छापून आठवण तरी ठेवते. ‘डिझेल’च्या नशिबी तेही नाही. डिझेल म्हणजे रॉकेलचा एक जाडसर भाऊ, एवढीच माझी दहावीपर्यंत समजूत होती. डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे, त्याने हे तेल शोधले नसून इंजिन शोधले, आणि त्याचा शेवट एका काळोख्या रात्री समुद्रात झाला, हे मला फार उशिरा कळले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनाच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच, की या माणसाचे सारे आयुष्य म्हणजे एक हिशेब आहे. उष्णतेचा हिशेब त्याला जमला, तसा तोवर कोणालाही जमला नव्हता. पैशाचा हिशेब मात्र त्याला जमला नाही.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईवडील मात्र फ्रेंच नव्हते. ते जर्मनीतील बव्हेरिया प्रांताचे. वडील थिओडोर हे मूळचे ऑग्सबर्गचे, व्यवसायाने बुकबाइंडर. पॅरिसमध्ये त्यांचा चामड्याच्या वस्तू बनविण्याचा छोटासा धंदा होता. घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, असे रुडॉल्फचे बालपण गेले. आपल्या सीमाभागातील मुलांना याची गोडी आणि याचा त्रास, दोन्ही वेगळे समजावून सांगायला नकोत. पॅरिसमध्ये यंत्रांचे एक जुने संग्रहालय आहे. तेथे क्युन्यो याने अठराव्या शतकात बांधलेली वाफेची गाडी ठेवलेली आहे. हा मुलगा त्या संग्रहालयात तासन्‌तास रमत असे.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. हाती पैसा नाही, धंदा बुडालेला. तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच ऑग्सबर्गला क्रिस्टोफ बार्निकेल या नातलगाकडे पाठवून देण्यात आले. बार्निकेल तेथील औद्योगिक शाळेत गणित शिकवीत. जन्मगावातून जर्मन म्हणून हाकललेला हा मुलगा अशा रीतीने आपल्या ‘मायदेशी’ परका म्हणून येऊन पोचला. पण शाळा चांगली होती आणि गणिताचे शिक्षक घरातच होते. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्राने कळवून टाकले, की आपण इंजिनिअर होणार. १८७३ साली तो वर्गात पहिला आला.

या शाळेत त्याने एक लहानसे उपकरण पाहिले, असे सांगतात. काचेची एक नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या आणि टोकाशी थोडा कापूस किंवा काजळी. दट्ट्या झटक्यासरशी आत दाबला, की नळीतली हवा एकदम तापते आणि कापूस पेट घेतो. काडी नाही, ठिणगी नाही; केवळ दाबलेली हवा. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड हाताला चटका देते, तो याच नियमाने. पंपाचा चटका आपण सर्वांनीच खाल्लेला आहे. डिझेलने पुढे त्या चटक्याचे इंजिन केले.

१८७५ साली शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. तेथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू लाभले. लिंडे म्हणजे कृत्रिम बर्फाच्या यंत्रांचे जनक. उष्णतेचे शास्त्र शिकविताना त्यांनी वाफेच्या इंजिनाचा ताळेबंद मुलांपुढे मांडला. कोळशात जेवढी उष्णता असते तिच्यापैकी फार तर दहावा भाग कामी येतो. उरलेले नऊ भाग धुराड्यातून आणि थंड पाण्यातून वाया जातात. शंभर रुपये भांडवल घालून दहा रुपयांचेच काम पदरात पडत असेल, तर अशा पेढीला आपण दिवाळखोर म्हणू. पण त्या काळचे अवघे जग याच पेढीवर चालले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो याने १८२४ सालीच या नुकसानीची कारणे आणि सुधारणेची मर्यादा कागदावर दाखवून दिली होती. त्या मर्यादेच्या जवळ जाणारे यंत्र बांधायचे, हा ध्यास विद्यार्थी डिझेलने तेव्हापासून घेतला तो अखेरपर्यंत.

१८७९ च्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी तो विषमज्वराने अंथरुणाला खिळला. परीक्षा हुकली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे सुल्झर बंधूंच्या कारखान्यात हाताला तेल लावून काम केले आणि जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली ती सर्वोत्तम गुण मिळवून. लगेच लिंडे यांनी त्याला पॅरिसच्या आपल्या बर्फाच्या कारखान्यात नेमले आणि वर्षभरात तो तेथला संचालक झाला. १८८३ साली मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचे लग्न झाले. दोन मुलगे, एक मुलगी. नोकरी चांगली, मान मोठा. दुसरा कोणी येथेच थांबला असता.

पण डिझेलचे सारे लक्ष इंजिनाकडे होते. आधी त्याने वाफेऐवजी अमोनियावर चालणारे इंजिन करून पाहिले. त्यात बरीच वर्षे गेली आणि हाती काही लागले नाही. १८९० साली तो बर्लिनला आला. अखेर फेब्रुवारी १८९२ मध्ये त्याने आपल्या नव्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. कल्पना सांगायला सोपी होती. इंजिनात नुसती हवा ओढून घ्यायची. ती इतकी दाबायची, की आपोआप लालबुंद लोखंडासारखी तापेल. आणि मग त्या तापलेल्या हवेत इंधन अगदी थोडे थोडे सोडायचे. ते आपोआप जळेल आणि दट्ट्याला ढकलील. पेटंट मिळाले. १८९३ च्या आरंभी त्याने आपल्या सिद्धान्ताचे पुस्तकही छापले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण पुढची सारी कटकट तिच्यातून निघाली. पेटंटात लिहिलेले इंजिन जसेच्या तसे चालणे शक्य नव्हते. डिझेलने सुरुवातीला अडीचशे वातावरणांचा दाब धरला होता आणि तापमान न वाढता इंधन जळेल असे मानले होते. असे इंजिन चालले असते तरी स्वतःलाच फिरविण्यात त्याची सारी ताकद खर्च झाली असती. ही चूक डिझेलच्या स्वतःच्याच ध्यानात आली. त्याने दाब पुष्कळ खाली आणला आणि १८९३ च्या अखेरीस सुधारित पद्धतीसाठी दुसरे पेटंट मागितले. आपली चूक ओळखून सुधारणे यात कमीपणा नाही. परंतु पहिला कागद आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यातली ही फट त्याच्या शत्रूंनी जन्मभर लक्षात ठेवली.

ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइन्रिख फॉन बूत्स यांनी त्याला जागा, माणसे आणि यंत्रे दिली. क्रुप कारखान्याने पैशाची बाजू उचलली. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंधन आत गेले मात्र, तोच प्रचंड स्फोट होऊन दाब मोजणाऱ्या उपकरणाचे तुकडे उडाले. डिझेल थोडक्यात बचावला. दुसरा माणूस खचला असता. डिझेलला मात्र आनंद झाला. ठिणगीवाचून इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते! पुढे १७ फेब्रुवारी १८९४ रोजी हे इंजिन मिनिटाला ८८ फेऱ्यांनी सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरले. फक्त एक मिनिट. त्या एका मिनिटापासून विकाऊ इंजिनापर्यंत यायला आणखी तीन वर्षे लागली.

ही तीन वर्षे गेली कशात? मुख्यतः एका प्रश्नात : इंधन आत घालायचे कसे?

हा प्रश्न किती अवघड आहे ते समजण्यासाठी आपण कागदावर एक साधे गणित करू. आपल्याकडे विहिरीवर पाणी उपसायला पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असते, ते घ्या. ते मिनिटाला १५०० फेऱ्यांनी पूर्ण ताकदीने चालत असेल तर तासाला सुमारे एक किलो डिझेल खाते असे धरू. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन सोडावे लागते. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा. एक किलोला ४५,००० ने भागले, तर एका वेळचे इंधन येते सुमारे २२ मिलिग्रॅम. औषधाच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या थेंबाचा हा साधारण निम्मा भाग. हा अर्धा थेंब दर वेळी तेवढाच पडला पाहिजे. तो सेकंदाच्या साडेचारशेव्या भागाच्या आसपास आत गेला पाहिजे. समोर दाबलेली हवा त्याला बाहेर ढकलीत असते, तिच्यावर मात करून त्याने आत शिरले पाहिजे. आणि आत गेल्यावर तो थेंब राहता कामा नये. त्याचे धुके झाले पाहिजे, कारण थेंब बाहेरून जळतो आणि आतून काजळी होतो.

डिझेलचे इंजिन यापेक्षा पुष्कळ सावकाश फिरत होते. तरीही त्या काळच्या कारागिरीला हे झेपणारे नव्हते. सुरुवातीला डिझेलने पंपाने सरळ इंधन आत ढकलून पाहिले. ते जमेना. एवढ्या बारीक मापाचा आणि एवढ्या दाबाचा पंप बांधणे तेव्हा शक्य नव्हते. शेवटी त्याने आडवाट धरली. इंजिनालाच हवा दाबणारा एक वेगळा कॉम्प्रेसर जोडला आणि त्या जोरदार हवेच्या फुंकरीबरोबर इंधन आत उडविले. अत्तरदाणीतून अत्तराचा फवारा उडतो, तसे. इंधनाचे धुके उत्तम झाले. पण या कॉम्प्रेसरचे ओझे इंजिनाच्या गळ्यात पडले. ते जड होते, महाग होते आणि इंजिनाच्या कमाईतला वाटा स्वतःच खात होते.

तरीही निकाल डोळे दिपविणारा लागला. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. इंधनातील उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक भाग कामात उतरला होता. शंभरातले दहा मिळत होते तेथे आता सव्वीस मिळू लागले. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही इंजिनाची तेव्हा ही कमाई नव्हती.

आता वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत असा भाग येतो. परीक्षेचा निकाल जाहीर होताच परवाने घेणाऱ्यांची रांग लागली. ग्लासगोची कंपनी आली, रशियातून इमॅन्युएल नोबेल आला. अमेरिकेतील बिअरचा कारखानदार अडॉल्फस बुश याने अमेरिकेच्या हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. १८९८ साली ऑग्सबर्ग येथे एक स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि तिने डिझेलचे सारे हक्क ३५ लाख मार्कांना घेतले. बुकबाइंडरचा मुलगा चाळिसाव्या वर्षी लक्षाधीश झाला. म्युनिकमध्ये त्याने राजवाड्यासारखे घर बांधले.

परंतु विकले काय गेले होते? प्रयोगशाळेत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उत्तम चाललेले एक इंजिन. सामान्य कारखान्यात, सामान्य मिस्त्रीच्या हाती, वर्षानुवर्षे चालणारे इंजिन अजून तयार व्हायचे होते. पहिले विकत दिलेले इंजिन १८९८ मध्ये केंप्टन येथील आगपेट्यांच्या कारखान्यात बसले. काडीवाचून पेटणाऱ्या इंजिनाने काड्यांचा कारखाना चालवावा, हा योग गमतीचा खरा. पण तेथल्या लोकांना गंमत वाटली नसावी. इंजिन वारंवार बिघडे आणि ऑग्सबर्गची माणसे तेथे ठाण मांडून बसत. दुसरीकडेही तीच रड. डिझेलच्या नावाने ऑग्सबर्गला काढलेला नवा कारखाना काही वर्षांतच बंद पडला. वर पेटंटाच्या हक्कावरून कोर्टकचेऱ्या. १८९८ च्या शरद ऋतूत डिझेलची प्रकृती ढासळली आणि त्याला मज्जाविकाराच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

माल तयार होण्याआधी नाव विकले, की काय होते याचे हे उदाहरण आहे. मात्र सारा दोष डिझेलच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. इंजिन सुधारण्याचे चिकट, कंटाळवाणे काम बूत्स यांच्या कारखान्यातील लाउस्टरसारख्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे केले आणि त्यामुळेच ते पुढे खरोखर टिकाऊ झाले. त्यांची नावे इंजिनाला लागली नाहीत.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या शहरातून बारा वर्षांचा मुलगा निर्वासित होऊन गेला, त्याच शहरात हा सन्मान व्हावा! त्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग पुष्कळ पिकतो, त्यावर तेथली यंत्रे चालतील काय, हे फ्रेंच सरकारला पाहायचे होते. इंजिनात काहीही बदल न करता ते चालले. वनस्पतींची तेले पुढे कधीतरी इंधन म्हणून महत्त्वाची ठरतील, असे मत डिझेलने १९१२ साली मांडले. आज बायोडिझेलची चर्चा आपण नवी म्हणून ऐकतो. ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

हळूहळू इंजिनाचे दिवस पालटले. १९०३ साली रशियात व्होल्गा नदीवर ‘वांदाल’ नावाची डिझेलवर चालणारी तेलवाहू नौका फिरू लागली. १९१२ साली डेन्मार्कमध्ये बांधलेले ‘सेलांडिया’ हे मोठे जहाज डिझेल इंजिनांवर थेट बँकॉकच्या सफरीवर निघाले. धुराचे उंच धुराडे नाही, कोळसा ओढणाऱ्यांची फौज नाही. बंदरांतले लोक हे जहाज बघायला गर्दी करीत. इंजिन जिंकले होते.

इंजिनाचा मालक मात्र हरत होता. जमिनींत आणि इतर व्यवहारांत घातलेला पैसा बुडत गेला. हक्क विकत घेणारी कंपनी १९११ साली गुंडाळली गेली. डिझेलने १९०३ साली समाजातील श्रम आणि भांडवल यांच्या संबंधांवर एक पुस्तक लिहिले होते. कामगारांनी पैसा पैसा जमवून स्वतःच्याच संस्था उभ्या कराव्यात, असा त्यातला विचार होता. आपल्या सहकारी चळवळीच्या जवळचाच हा विचार. पण पुस्तकाला फारच थोडे वाचक मिळाले. १९१२ च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये त्याने आपल्या इंजिनाच्या जन्माची हकिगत व्याख्यानातून सांगितली, तेव्हा काही प्राध्यापकांनी भर सभेत त्याच्यावर टीका केली. जुन्या पेटंटातली ती फट पुन्हा उकरून काढण्यात आली. पुढच्याच वर्षी ल्यूडर्स नावाच्या प्राध्यापकाने डिझेल ही एक दंतकथाच आहे अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी संध्याकाळी डिझेल बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून ‘ड्रेस्डेन’ या बोटीने इंग्लंडला निघाला. लंडनला एका कंपनीची सभा होती आणि इप्सविच येथे डिझेल इंजिनांचा नवा कारखाना उभा राहत होता. बरोबरच्या दोघांसह त्याने जेवण घेतले, डेकवर गप्पा मारल्या आणि रात्री दहाच्या सुमारास तो आपल्या खोलीकडे गेला. पहाटे सव्वासहाला उठवा, असेही सांगून ठेवले. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्यावर कोणी निजलेले नव्हते. रात्रीचे कपडे काढून ठेवलेले होते. मागच्या डेकच्या कठड्याशी त्याची टोपी आणि घडी केलेला ओव्हरकोट सापडला. दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत दिसले. खिशातल्या वस्तू काढून घेऊन खलाशांनी ते पुन्हा पाण्यात सोडले. चष्म्याचे घर, चाकू, पाकीट असल्या त्या किरकोळ वस्तू मुलगा ऑयगेन याने ओळखल्या.

गुप्तहेरांनी मारले, कोळसेवाल्यांनी मारले अशा कहाण्या खूप उठल्या; पुरावा कोणाचाच नाही. निघण्यापूर्वी त्याने पत्नीजवळ एक पिशवी देऊन ती आठवड्याने उघडायला सांगितले होते. तिच्यात रोख रक्कम आणि हिशेबाचे कागद निघाले. बँकेतली खाती जवळजवळ रिकामी होती. त्याच्या रोजनिशीत त्या तारखेपुढे एक फुली काढलेली होती. हे वाचल्यावर तर्क करावासा वाटत नाही. ज्याने उष्णतेच्या कणाकणाचा जमाखर्च मांडला, त्याने आपल्या कर्जाचा कागद घरच्यांना जिवंतपणी दाखवला नाही, याचेच वाईट वाटते. दाखवला असता तर घर गेले असते, गाडी गेली असती. माणूस राहिला असता.

डिझेल गेला तेव्हा त्याचे इंजिन जहाजांत आणि कारखान्यांत होते; रस्त्यावरच्या गाडीत नव्हते. कारण तोच जड कॉम्प्रेसर. ही अडचण दूर झाली ती रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात. १९२२ पासून तेथे इंधनाच्या पंपावर काम सुरू झाले आणि १९२७ च्या अखेरीस तो पंप विक्रीला तयार झाला. हवेच्या फुंकरीची गरज संपली. डिझेलने १८९३ साली जे करून पाहिले होते आणि सोडून दिले होते, तेच त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी साधले. १९३६ साली मर्सिडीज-बेंझची डिझेल मोटार बाजारात आली. आपल्याकडे बंगळूरला १९५१ साली ‘मायको’ कंपनी निघाली, तिने हेच पंप आणि नोझल घरोघरच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचविले. पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेल्या आणि बेळगावात सायकलचे दुकान काढून उद्योगाला आरंभ केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याची ती कंपनी, हे येथे सांगताना अभिमान वाटतो.

दुसरी सुधारणा आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याने इंजिनात जादा हवा कोंबावी, या कल्पनेचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. हाच आजचा ‘टर्बो’. मोटारींच्या पाठीवर आपण ही अक्षरे रोज पाहतो. जादा हवा मिळाली, की जादा इंधन जाळता येते; आणि येथे तोच जुना अर्ध्या थेंबाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आमच्या एका मावसभावाला हा प्रश्न महागात पडला. त्याच्या टर्बो गाडीला आणखी ताकद हवी म्हणून त्याने कोणाच्या तरी सल्ल्याने मोठ्या मापाची नोझले बसवून घेतली. पहिले आठ दिवस गाडी उडत होती. मग घाटात काळ्या धुराचे लोट निघू लागले, तेलाचा खर्च वाढला आणि दोन महिन्यांत एका पिस्टनचा माथा भाजून निघाला. उद्यमबागेतल्या ज्या मिस्त्रींनी ते इंजिन उघडले त्यांनी आम्हाला समोर बसवून कागदावर सारे गणित करून दाखविले. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा ग्रॅम हवा लागते, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. तेव्हा आधी हवा मोजायची. टर्बो किती हवा देतो ते पाहायचे, तेवढ्या हवेत किती इंधन जळेल ते काढायचे, त्याला सिलिंडरांनी आणि फेऱ्यांनी भागायचे आणि मग एका वेळच्या थेंबाचे माप ठरवायचे. भोकाचे माप सर्वांत शेवटी.

मी मध्येच विचारले, की भोक मोठे न करता दाब वाढवला तर? ते हसले आणि म्हणाले की तोही मार्ग आहे, पण त्याचा भाव वर्गाने चढतो. दीडपट इंधन हवे असेल तर दाब सव्वादोनपट लागतो. तेवढा पंपाला आणि नळ्यांना झेपला पाहिजे. भोक मोठे केले तर दाब वाढवावा लागत नाही. पण फवारा जाड होतो आणि गाडी नुसती उभी असताना, अगदी थोडे इंधन लागते तेव्हा, त्याचे धुके नीट होत नाही. म्हणून गरजेपुरते मोठे आणि त्यावर थोडी सवड, एवढेच माप योग्य. हवा नसताना घातलेले तेल म्हणजे ताकद नव्हे, तो धूर.

मिस्त्रींच्या दुकानातून परतताना मला डिझेलची आठवण झाली. पुढे कधी त्याच्या आयुष्याचा ताळेबंद मांडावासा वाटला, तर मी तो असा मांडीन. जमेच्या बाजूला : जगातली जहाजे, मालगाड्या, ट्रक, एस. टी., विहिरीवरची इंजिने. नावेच्या बाजूला : एक रिकामे खाते आणि एक न पोचलेला प्रवासी. त्याच्या इंजिनाने जेवढी हवा तेवढेच इंधन हा नियम पाळला, म्हणून ते टिकले. त्याने स्वतः मात्र हाती होते त्याहून मोठे घर, मोठे व्यवहार आणि मोठी आश्वासने पेलायचा प्रयत्न केला. आम्हा वाणिज्यवाल्यांना हे रोज शिकवले जाते, आणि तरीही परीक्षा संपली की आम्ही ते विसरतो.

पुढच्या वेळी पंपावर उभे राहून डिझेल मागाल, तेव्हा ते एका माणसाचे नाव आहे एवढे आठवले तरी या लेखाचे काम झाले, असे मी समजेन.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष